मदत हवी आहे : आईचं चूर्ण, योगासनं आणि डॉक्टर, मेळ कसा घालू?

कारेलीबाग
आई ७१ वर्षांची, बडोद्यात माझ्याजवळच असते. दिवाळीनंतर वैद्यांनी अश्वगंधा चूर्ण दिलं, झोप सुधारली. सकाळी सयाजीबागेत योगवर्गाला जाते. पण पंधरा दिवस झाले, छातीत धडधडतं, हात थरथरतात. परवा चहा पिताना कप बशीवर सारखा वाजत होता. डॉक्टर म्हणतात चूर्ण बंद करा, वैद्य म्हणतात चूर्णानं असं होत नाही. एकमेकांचा कागदही बघत नाहीत. तिचं म्हातारपण नीट जावं म्हणून मला दोन्ही हवंय. कुणाचं ऐकू? लवकर सांगा, उद्या वर्गाला पाठवायचं की नाही तेही ठरवायचंय.

आजीचा_बटवा
च्यवनप्राश द्या. चरकांनी आपल्या ग्रंथातल्या चिकित्सास्थानाची, म्हणजे उपचारांच्या भागाची, सुरुवातच रसायनापासून, म्हणजे म्हातारपण लांबवणाऱ्या औषधांपासून, केली आहे. माझ्या सासूबाई ८८ पर्यंत स्वतःची भाजी स्वतः निवडत होत्या.

सूरसागर
आधी सांगा, बीपी किती? साखर? बाकी औषधं?

कारेलीबाग
बीपी, साखर ठीक. वर्गात सूर्यनमस्कार, कपालभाती, पश्चिमोत्तानासन. औषध नेहमीचंच.

सूरसागर
नेहमीचं म्हणजे कोणतं?

कारेलीबाग
थायरॉइडची गोळी, ७५ मायक्रोग्रॅमची. १५ वर्षं चालू आहे, म्हणून वेगळी लिहिली नाही.

लॅबवाली_ताई
अहो, तीच तर लिहायची होती! अश्वगंधेनं थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. वर गोळी चालूच, म्हणजे दोन्हीकडून भर. धडधड, थरथर त्यानंच असू शकते. चूर्ण आजच थांबवा. गोळी मात्र मनानं कमी करू नका. ईसीजी आजच काढा, टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉइडच्या तपासण्यांना रक्त द्या. छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागला तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा.

वैद्यकन्या
एका चूर्णावरून आयुर्वेदाला नावं ठेवू नका. वैद्यांना गोळीचं सांगितलं होतं का?

लॅबवाली_ताई
नावं कोण ठेवतंय? झाडाचं असलं तरी ते औषध आहे, आणि दोन औषधांचं आपसात पटतं का हे बघावंच लागतं. माझी आईसुद्धा त्रिफळा घेते.

दांडियाबाजार
योग आणि डॉक्टरी तपासणीचा हा मेळ आपल्याच गावात घातला गेलाय. योगाचे संशोधक स्वामी कुवलयानंद डभोईचे, जुम्मादादा व्यायाममंदिरात माणिकरावांकडे शिकले. १९२०-२१मध्ये उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांची तपासणी त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात केली, मग १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था काढली. माझे आजोबा जुम्मादादात मल्लखांब करायचे, त्याची गोष्ट...

सूरसागर
काका, ती वेगळ्या धाग्यावर लिहा, नक्की वाचू. कारेलीबाग, हाडांची डेक्सा तपासणी झालीय का? थायरॉइडची मात्रा जास्त राहिली तर हाडं झिजतात. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर पश्चिमोत्तानासनात कणा वाकवणं धोक्याचं, मणका दबून मोडू शकतो. तपासणी होईपर्यंत पुढे वाकायची आसनं नकोत, धडधड थांबेपर्यंत कपालभातीही नको.

गोत्रीकर
गुडघ्यांसाठी जाड चटई कुठली घ्यावी? मंगळबाजारात मिळेल?

कारेलीबाग
ईसीजी ठीक आला. टीएसएच ०.०८, फारच कमी, म्हणजे अंगात थायरॉइडचं हार्मोन जास्त झालंय. डॉक्टरांनी गोळी ५०वर आणली, सहा आठवड्यांनी परत रक्त. रिपोर्ट वैद्यांना पाठवला, त्यांचा लगेच फोन आला. ते आईला विचारत होते, "गोळीचं मला का नाही सांगितलंत?" आई म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही." आता दोघांची औषधं एकाच कागदावर लिहून फ्रीजवर लावली आहेत. डेक्सा सोमवारी.

लॅबवाली_ताई
गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घेते ना? कॅल्शियम चालू केलं तर त्यात चार तासांचं अंतर ठेवा.

कारेलीबाग
दुधाबरोबर घेत होती! लिहून ठेवते.