आलाच आहात तर एवढंही बघून घ्या (अनुभव धागा)

ओळंबा

काल एका घरी कुलूप बदलायला गेलो होतो. आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवरची फळी बघून थबकलोच. ती फळी मी बसवलेली. १९ वर्षांपूर्वी, नोकरी सोडून हत्यारांची पिशवी खांद्याला लावली त्याच्या पहिल्याच आठवड्यात.

त्या घरात आता दुसरीच माणसं राहतात. कुलपाचं काम संपवलं आणि विचारलं, ही फळी जरा बघू का? खालून वाकून पाहिलं तर माझी पेन्सिलीची खूण अजून तशीच, आडवी रेघ आणि तिच्यावर फुली. पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे. तेव्हा माझ्याकडे पाणसळ नव्हती, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवली होती. अर्धा दिवस गेला होता त्या एका फळीत.

बाईंना सांगितलं की ही मी लावलीय. त्या म्हणाल्या, "अगंबाई, हो का? आम्हाला वाटलं ती पहिल्यापासूनच आहे."

रात्रभर तेच डोक्यात. एवढ्या वर्षांत किती घरांत काय काय केलं असेल. नळ, बिजागऱ्या, कड्या, पंखे, फुटलेल्या फरशा. कुठेच नाव नाही, आणि असावं असंही नाही. पण कुणीतरी ते ऐकावं असं पहिल्यांदाच वाटलं.

तर लिहा. जे हे काम स्वतःच्या जिवावर करतात, करायचे, किंवा ज्यांच्या घरात कुणी करतं, सगळ्यांनी. बरं आणि वाईट दोन्ही.

———

फिरता पाना

दादा, नळीने लेव्हल काढलेली फळी हलणारच नाही. आजही लांब भिंत असेल तर मी नळीच धरतो.

माझं सांगतो. पहिलं वर्षभर पैसे मागायलाच जड जायचं. वॉशर बदलायला पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटांचेच मागायचो. मग एका महिन्यात वहीत रोजचा वेळ लिहून काढला. सकाळी बाहेर पडल्यापासून घरी येईपर्यंत सरासरी ११ तास, त्यातले ज्याचे पैसे मिळाले ते ५. बाकी जाणं-येणं, सामान शोधणं, चुकीच्या मापाचं सामान परत करणं, "जरा बघून सांगा" म्हणून नुसतं बघून येणं. तेव्हापासून घरी येण्याचे पैसे वेगळे सांगतो, फोनवरच, आधी. दोन-चार जणांनी फोन ठेवला. ज्यांनी ठेवला नाही ते आजही माझे गिऱ्हाईक आहेत.

———

हिशेबवही

मी करत नाही, नवरा करतो. २२ वर्षं. हिशेब माझ्याकडे.

लोकांना वाटतं यांना साहेब नाही म्हणजे मजा आहे. फोन हाच साहेब आहे. सुट्टीच्या दिवशी, पहाटे, आजारी असताना. पाणी वाहतंय म्हटल्यावर हा उठतोच, मी कितीही ओरडले तरी. मला राग येतो आणि कौतुकही वाटतं, दोन्ही एकदमच.

गुडघे मात्र गेले. सिंकखाली, मोरीत, फरशीवर रोज गुडघे टेकून काम. तरुण मुलांनो, गुडघ्याला पॅड लावा. पहिल्या दिवसापासून लावा. बाकी नंतर लिहिते, दार वाजतंय.

———

चौकट

विषयाला सोडून विचारतो, माफ करा. बेडरूमचं दार खाली घासतंय आणि कडी लागत नाहीये. रंधा मारून घेऊ का? इथे सगळे जाणकार आहेत म्हणून.

———

फिरता पाना

थांबा थांबा, रंधा नको. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. निम्म्या वेळा तेच सैल झालेले असतात आणि दार त्या कोपऱ्यातून खाली झुकतं. लाकूड एकदा काढलं की परत लावता येत नाही.

———

निळी वायर

मी वायरिंगचं शिकले आणि मग हळूहळू सगळंच करायला लागले. दार उघडल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्त्री मागून येतायत का?" मी म्हणते, मीच. मग पुढचा अर्धा तास घरातला कुणीतरी बाजूला उभा राहून बघणार.

एका घरी सगळे असेच उभे. एक सॉकेट चालत नव्हतं. त्यांनी आधी दोघांना दाखवलेलं. टेस्टर लावला की पेटतो, म्हणजे करंट येतोय, मग सॉकेटच खराब, म्हणून सॉकेट दोनदा बदललेलं. मी दोन्ही भोकांत टेस्टर घातला. दोन्हीकडे पेटला. म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी वायर, तुटलीय, आणि त्याच लाइनवर चालू असलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी उपकरणातून तिकडे करंट येतोय. शोधत शोधत मागच्या जोडपेटीत गेले, तिथे एक वायर स्क्रूखालून निसटलेली. मेन बंद केला, वायर घट्ट केली, संपलं.

त्या घरातल्या आजोबांनी मला खुर्ची आणून दिली. "बस बाळा," म्हणाले. त्या दिवसापासून त्या इमारतीत मिस्त्री कुठाय असं कुणी विचारलं नाही.

———

वाचनमात्र

निळी वायर ताई, कडक! आमच्याकडेही दोन्ही भोकांत पेटतोय. आज कळलं का ते.

———

निळी वायर

मग प्लीज ते सॉकेट वापरू नका आणि हात घालू नका. तुटलेला न्यूट्रल म्हणजे बंद दिसणाऱ्या गोष्टीचाही झटका बसू शकतो. कुणाला तरी लगेच बोलवा. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे का तेही बघून घ्या. एमसीबी, जास्त भार आला की पडणारा स्विच, वायरला वाचवतं, माणसाला वाचवायला ते दुसरं लागतं.

———

जुना गुण्या

ओळंबा, तुमच्या फळीवरून आठवलं. भिंतीत स्क्रू धरायला आपण जी गिट्टी घालतो ना, ती आली कुठून ते माहितीये का कुणाला? मला तिचं फार वेड आहे. १९११ साली जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या इंग्लंडमधल्या कंत्राटदाराने ती काढली. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं काम होतं आणि भिंत खराब न करता सामान बसवायचं होतं. रावल प्लग हे नाव त्याच्यावरूनच. आधी ती तागाच्या धाग्यांची असायची. नायलॉनची, बाजूने पंख फुटल्यासारखी फुगणारी, ती आर्तुर फिशर या जर्मन माणसाने १९५८ साली काढली.

त्याआधी लाकडाची खुंटी भोकात ठोकून तिच्यात स्क्रू पिळायचे. माझे वडील तसंच करायचे. त्यांच्या हातची एक खुंटी आमच्या जुन्या घरात अजून आहे. कॅलेंडर लटकतं तिच्यावर.

———

तिसरी पायरी

गिट्टीचा विषय निघालाच आहे तर. ६ मिलिमीटरची गिट्टी, ६ चाच ड्रिल बिट. लोक ८ ने भोक पाडतात आणि मग काडी, कागद, काहीही कोंबतात. आणि भोकातली धूळ काढतच नाहीत. फुंकून काढली तर डोळ्यात जाते म्हणून मी छोटा पंप ठेवतो.

आता माझा अनुभव. नाव बघून कळलं असेल. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून पडलो. फक्त तिसऱ्या! उंचावर असताना मी फार जपून असायचो, त्या दिवशी "एवढंच तर आहे" म्हणून शिडी भिंतीला जवळजवळ उभीच टेकवली आणि एका बाजूला वाकलो. मनगट मोडलं, उजवं. ३ महिने घरी. नोकरीत असतो तर रजा तरी असती. इथे हात थांबला की घर थांबतं. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी पुढच्या कामाचे पैसे आधी आणून दिले, त्यावर तो काळ निघाला. ते मी आयुष्यात विसरणार नाही.

चारास एक हा हिशेब पाठ करा. शिडी ४ हात वर टेकत असेल तर पाय भिंतीपासून १ हात लांब. आणि अपघात विमा पहिल्या वर्षीच काढा, मी पडल्यावर काढला.

———

हिशेबवही

तिसरी पायरी भाऊ, आता हात कसा आहे? यांच्याकडूनही विचारलंय.

———

तिसरी पायरी

बरा आहे वहिनी. थंडीत दुखतो. डाव्या हाताने स्क्रू पिळायला शिकलो तेवढ्या काळात, अडचणीच्या जागी आता त्याचाच उपयोग होतो.

———

गंजका खिळा

मला "हरकाम्या" या शब्दाबद्दल बोलायचंय. माझी ओळख करून देताना एकाने असं म्हटलं, आमचा हरकाम्या. फार लागलं. दुसरा शब्द आहे का आपल्याकडे? सुताराला सुतार, गवंड्याला गवंडी. थोडं थोडं सगळं येणाऱ्याला काय?

———

जुना गुण्या

हरहुन्नरी. आहे की आपला शब्द. काम तेच, पण एका शब्दात निरोप्या दिसतो आणि दुसऱ्यात कारागीर.

———

गंजका खिळा

काका, उद्यापासून हेच. कार्डावर छापतो.

———

मधली भिंत

माझी चूक लिहितो. आरसा लावायचा होता, बाथरूमबाहेरच्या भिंतीवर. पलीकडे नळ कुठे आहे ते बघितलंच नाही. भोक पाडलं आणि ड्रिलच्या बाजूने पाण्याची चिळकांडी. भिंतीतली पाइप. मेन कॉक कुठे आहे ते घरच्यांना माहीत नाही, मलाही नाही. तो सापडेपर्यंत खोलीभर पाणी.

त्या रात्री पळून जावंसं वाटलं, खरंच. पण फरशी पुसली, भिंत फोडली, पाइप जोडली, दुसऱ्या दिवशी गिलावा केला, आठवड्याने रंग दिला. सगळं माझ्या खिशातून. महिन्याची कमाई गेली. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त टोचत होतं. नंतर त्यांनी त्यांच्या बहिणीकडे पाठवलं, तिने मैत्रिणीकडे. आज माझी निम्मी कामं त्या एका भोकातून आलेली आहेत.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो की आधी विचारतो, मेन कॉक कुठाय. नळाच्या आणि स्विचबोर्डाच्या थेट वर-खाली, सरळ आडव्या रेषेत भोक पाडत नाही. पाइप आणि वायरी बहुतेक त्याच रेषेत असतात.

———

ओळंबा

मधली भिंत, वाचताना पोटात गोळा आला. सांगितलंत हे फार बरं केलंत.

———

परतीची वाट

मी सोडलं. ६ वर्षं केलं आणि सोडलं, आता एका संस्थेत देखभालीचं काम बघतो, पगार ठरलेला. इथे सगळे अभिमानाने लिहितायत म्हणून हेही लिहावंसं वाटलं.

कामाने नाही थकलो. उधारीने थकलो. "पुढच्या आठवड्यात देतो." तीन-तीन फेऱ्या पैशासाठी. एकदा माझ्या मुलीची फी भरायची होती आणि एका मोठ्या बंगल्यातून चौथ्यांदा रिकामा परत आलो. जिना उतरताना ठरवलं. आता रात्री झोप लागते. पण रस्त्याने जाताना कुणाचं गेट करकरताना ऐकलं की हात शिवशिवतात, हेही खरं.

———

फिरता पाना

दादा, तुम्ही योग्य केलंत. उधारीबद्दल एकच, नव्यांसाठी. सामानाचे पैसे आधी घ्या, मजुरी नंतर. निदान खिशातलं तरी जात नाही.

———

नवीन आहे मी

मी २४ वर्षांचा आहे. ऑफिसात बसवत नाही. घरात सगळं मीच दुरुस्त करतो. सोडू का नोकरी?

———

परतीची वाट

एकदम नको. आधी सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या घरी करून बघ, पैसे घेऊन. स्वतःच्या घरी चूक झाली तर आपणच समजून घेतो.

———

निळी वायर

आणि काय येत नाही ते आधी ठरव. गॅसच्या पाइपलाइनला मी हात लावत नाही, भार पेलणारी भिंत फोडत नाही. सरळ सांगते, यासाठी दुसरा माणूस बोलवा. नाही म्हटल्याने गिऱ्हाईक जात नाही.

———

शेवटचा आटा

मी वयाच्या साठीत आहे, कामं कमी केलीत. एक आजी आहेत, एकट्या राहतात. दर दोन महिन्यांनी फोन, नळ गळतोय. जाऊन बघावं तर नळ ठीक. मी तरी उघडतो, वॉशर बघतो, टेफ्लॉन टेप नवीन गुंडाळतो, बंद करतो. त्या बाजूला बसून मुलाचं, नातवाचं सांगतात. पैसे घ्यायला नाही म्हटलं तर रागावतात, म्हणून घेतो.

गेल्या महिन्यात फोन आला नाही. दोन दिवस वाट बघून मीच गेलो. दार उघडून म्हणाल्या, "अरे, नळ चांगला चाललाय." म्हटलं, हो, तेच बघायला आलोय.

———

हिशेबवही

यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

———

वाचनमात्र

काका, टेप कुठल्या दिशेने गुंडाळायची? माझी नेहमी सुटते.

———

शेवटचा आटा

आटे तुमच्याकडे तोंड करून धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, ताणून, चार-पाच वेढे. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना सुटतच जाते.

———

चौकट

अहो फिरता पाना, वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसतेच फिरत होते! पकडच नाही. आता?

———

फिरता पाना

भोकात लाकडाच्या बारीक चिपा फेविकॉल लावून ठोका, बाहेर आलेलं कापून टाका, एक रात्र वाळू द्या. मग तेच स्क्रू पिळा. दाराखाली पाचर लावून दार उचलून धरा, नाहीतर परत झुकलेलंच बसेल.

———

ओळंबा

मी काल त्या फळीखाली जुन्या खुणेशेजारी कालची तारीख लिहून आलो, बाईंना विचारून. त्यांचा धाकटा मुलगा पाणसळीतला बुडबुडा बघत होता, परत परत तिरकी करून. निघताना ती त्याच्या हातातून घेववेना. दुसरी आहे माझ्याकडे, म्हणून ठेवून आलो.

———

चौकट

लागली कडी! घासतही नाही. बायकोने तीन वेळा दार उघडून लावून बघितलं. आता ती म्हणतेय, हे झालंच आहे तर बाथरूमचंही बघून घ्या.