मदत हवी आहे: नवीन रंग दिलेल्या गाडीला कव्हर घालू का? (लवकर सांगा)

घाईगडबड
गाडी रंगवून आणली. झाडाखाली लावावी लागते, पक्षी शिटतात. कव्हर घालू का, एवढाच प्रश्न आहे. पेंटर म्हणाला होता, "महिनाभर काही लावू नका." काही म्हणजे काय काय, हे विचारायला फोन केला तर उचलत नाही. धुवायची कधी तेही सांगा. शनिवारी लांब जायचंय. आणि "शोधून बघा" म्हणू नका, शोधलंय. एक म्हणतो ७ दिवस थांबा, दुसरा ३०, तिसरा ९०.

जुना पाना
आणली कधी? पूर्ण गाडी की एखाददुसरा पत्रा? भट्टीत भाजलाय की हवेवर वाळवलाय? हार्डनर (रंग पक्का करणारं रसायन) घातलेला टू-के, म्हणजे दोन भागांचा रंग आहे की साधा? हे कळल्याशिवाय जो उत्तर देईल तो ज्योतिषी.

चकाचक
सरळ वॅक्स मारा. दोन हात दिले की शीट चिकटतच नाही. मी दर पंधरा दिवसांनी मारतो. गाडी ८ वर्षांची आहे, बोनेटमध्ये बघून दाढी करता येते.

जुना पाना
@चकाचक, तुमचा रंग कंपनीचा. तो नुसत्या सांगाड्यावर मारून १४० अंशांच्या आसपास भाजतात, त्यामुळे कारखान्यातून निघतानाच पक्का झालेला असतो. दुरुस्तीच्या गाडीत वायरी, प्लास्टिक, सीट सगळं बसवलेलं असतं, म्हणून भट्टी ६० अंशांच्या आसपास ठेवतात, तीही अर्धा-पाऊण तास. रंग वरून हाताला कोरडा लागतो, पण आतलं थिनर पुढे कित्येक दिवस निघत राहतं. त्यावर वॅक्स मारणं म्हणजे ओल्या भिंतीला ऑइलपेंट देणं.

चकाचक
मग पेंटर गाडी ताब्यात देताना चकाकी काढून देतात ते काय असतं?

थिनरचा वास
ते रबिंग कंपाउंड. वॅक्स नव्हे. क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, धुळीचा कण बसला की २००० नंबरचा वॉटर पेपर मारून कण काढतात, मग कंपाउंडने तेवढी जागा परत चमकवतात. कंपाउंडने रंगाचं तोंड बंद होत नाही, वॅक्स आणि सिलिकॉनने होतं. आमच्या घरी तीन पिढ्या हेच काम आहे, वडिलांनी सिलिकॉनची बाटली शेडमध्ये कधी येऊ दिली नाही. सिलिकॉनचा नुसता हात जरी पत्र्याला लागला तरी वरचा रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

घाईगडबड
बोनेट आणि डावीकडचे दोन्ही दरवाजे. रविवारी आणली, आज गुरुवार. रंग काळा. भट्टीचं माहीत नाही, मी काय आत जाऊन बसलो होतो? कव्हरचं कोणी सांगणार आहे का??

सावकाश
काळा रंग कशाला घेतलात? काळ्यावर बोट फिरवलं तरी दिसतं. पुढच्या वेळी पांढरी घ्या.

घाईगडबड
गाडी ६ वर्षांपूर्वी घेतली आहे हो. पुढच्या वेळी तुम्हाला विचारून घेईन.

पॉलिसी बघा
विम्यातून केलंत की पदरचे घातलेत? एवढ्या छोट्या कामासाठी दावा केला असेल तर वर्षाअखेरीस हिशोब करून बघा. माझ्या मेहुण्याने मागे असंच

(पूर्ण लिहायचं राहिलं, संध्याकाळी टाकतो.)

थिनरचा वास
कव्हर नको. कारण असं: रंगातून निघणारी वाफ आणि रात्रीचा दमटपणा दोन्ही कापडाखाली कोंडतात. शिवाय वाऱ्याने कव्हर हलतं, खाली धूळ असते, म्हणजे रात्रभर फुकटचं घासकाम. पेंटरच्या "काही लावू नका"मध्ये वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, फिल्म, स्टिकर आणि कव्हर, सगळं आलं. शक्य असेल तर महिनाभर झाडाखालून हलवा, उघड्यावर लावा. छप्पर असेल आणि हवा खेळती असेल तर उत्तमच.

निळी छत्री
उघड्यावर? नव्या रंगाला ऊन अजिबात लागू द्यायचं नाही असं ऐकलंय.

थिनरचा वास
ऐकलंय कोणाकडून? उबेने रंग लवकर पिकतो, म्हणून तर भट्टीत घालतात. उन्हाचा वैताग एकच, तापलेल्या पत्र्यावर शीट पडून राहिली तर डाग बसतो. त्यात युरिक अॅसिड असतं. पत्रा तापला की रंग मऊ होतो, गार होताना शिटेभोवती आवळला जातो, आणि मग धुतल्यावरही खळगा तसाच राहतो. म्हणून दिसली की लगेच काढायची. ओला मऊ कपडा त्यावर पाचेक मिनिटं नुसता ठेवायचा, भरपूर पाणी ओतायचं, आणि कपडा वर उचलायचा. घासायचं नाही, शिटेत बारीक खडे असतात.

कोटिंगप्रेमी
मी तर म्हणतो थेट सिरॅमिक करून टाका. एकदा केलं की २-३ वर्षं कटकट मिटली.

जुना पाना
वरचं वाचलंत का? वॅक्स निदान धुतलं तर निघेल. सिरॅमिकच्या खाली थिनर कोंडून बसलं की काढायला रंगच घासावा लागतो.

स्कूटरस्वार
मी स्कूटरची टाकी घरीच डबा-स्प्रेने रंगवली होती. दोन महिने वाळवली, दगडासारखी झाली. पेट्रोल भरताना चार थेंब सांडले आणि पुसायला गेलो तर रंग फडक्यावर! मुद्दा हा की महिने मोजून काही होत नसतं.

थिनरचा वास
तुमच्या डब्यात हार्डनर नव्हता. तो रंग नुसतं थिनर उडून वाळतो, म्हणून पेट्रोलने परत विरघळतो. टू-केमध्ये रंग आणि हार्डनर यांची गाठ बसते, ती पूर्ण बसली की पेट्रोलला दाद देत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धागाकर्त्यांनी घाबरू नये, पण हे आठवडे टाकी भरताना थेंब सांडू देऊ नये.

घाईगडबड
थांबा. एक सांगायचं राहिलं. कव्हर काल रात्री घातलं होतं. विचारत होतो ते पुढेही घालू का म्हणून. पहाटे दव पडलं, सकाळी कव्हर काढलं तर बोनेटवर जाळी उमटली आहे. समोरून दिसत नाही, तिरकं बघितलं की मच्छरदाणी अंथरल्यासारखी बारीक चौकट दिसते. कडेला कव्हरच्या शिवणीची एक रेघ. दरवाजांवर काही नाही. गेलं का आता सगळं? परत रंगवावं लागेल?

जुना पाना
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं!

निळी छत्री
हेअर ड्रायर फिरवा, बसेल खाली.

थिनरचा वास
ड्रायर ठेवा बाजूला. एका जागी जास्त गरम झालं तर आत राहिलेलं थिनर उकळून बुडबुडे येतील, टाचणी टोचल्यासारखी भोकं पडतात. नख लावून बघू नका, पॉलिश मारून बघू नका. उघडी ठेवा. रंग अजून मऊ आहे म्हणून ठसा उमटला, थिनर निघून रंग बसत गेला की पुष्कळदा ठसा बराच फिका होतो. उरला तर रंग पिकल्यावर ३००० चा पेपर आणि कंपाउंड. रंगवायची वेळ क्वचित येते. पण बोनेटवर ठसा आणि दरवाजे कोरे, म्हणजे दोन्ही वेगवेगळे वाळवलेत. पेंटर नाही तर त्याच्या हाताखालच्या मुलाला गाठा.

घाईगडबड
गाठला. भट्टी त्या आठवड्यात बंद होती. दरवाजे इन्फ्रारेड दिव्याखाली ठेवले, बोनेट दिव्यात मावेना म्हणून तसंच वाळवलं. रंग टू-के आहे, हार्डनरचा डबा दाखवला त्याने.

जुना पाना
घ्या. तुमचे ७, ३० आणि ९० इथेच जुळले. ७ दिवस पाणी न लावण्याचे, म्हणजे धुण्याचे. ३० दिवस भाजलेल्या रंगावर वॅक्स न लावण्याचे. हवेवर वाळलेल्याला ६० ते ९०. दरवाजांना महिना, बोनेटला तीन महिने धरा. शनिवारी जाऊन या, धुऊ नका. पुढच्या आठवड्यात सावलीत, पत्रा गार असताना, साधं पाणी आणि सौम्य शॅम्पू, मायक्रोफायबरने हलक्या हाताने. ब्रशवाल्या मशीनमध्ये घालू नका, प्रेशरची नळी जवळून मारू नका. आणि रस्त्यात ट्रकच्या मागे चिकटून चालवू नका, मऊ क्लिअर कोटवर खडी लवकर टवका काढते.

चकाचक
म्हणजे शेवटी वॅक्सच मारायचं ना? मी तेच म्हणत होतो.

पॉलिसी बघा
हां, तर मेहुण्याचं. त्याने दावा केला बंपरसाठी आणि

सावकाश
बंपरवर आठवलं, प्लास्टिकच्या बंपरचा रंग सोलतो त्याला काय करावं? नवीन धागा काढू का इथेच विचारू?

थिनरचा वास
नवीन काढा. आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहा, आधी प्लास्टिकचा प्रायमर मारला होता का.

घाईगडबड
१२ दिवसांनी: जाळी निम्म्याहून जास्त फिकी झाली. शिवणीची रेघ अजून आहे, सकाळच्या तिरक्या उन्हात मलाच दिसते, बायकोला दाखवली तर म्हणाली कुठे आहे. परवा दरवाजावर कावळा शिटला, ओला कपडा आणि पाणी, डाग नाही. गाडी आता झाडापासून लांब लावतो, रोज दोनशे पावलं चालावं लागतं. आज पेंटरने एकदाचा फोन उचलला. पहिलंच वाक्य, "कव्हर नाही ना घातलं?"

जुना पाना
मग? काय सांगितलंत?

घाईगडबड
नाही म्हणालो.

थिनरचा वास
कंपाउंडला नेलीत की शिवणीची रेघ बघून कळेलच त्याला.