मदत हवी आहे: एक बाण वर, एक खाली, तरी एकूण स्पिन 1 कसा?

वर्धा_रोड: दोन इलेक्ट्रॉनच्या आकृत्या आहेत. दोन्हीत एक बाण वर, एक खाली. पहिलीखाली एकूण स्पिन 0 लिहिलंय, दुसरीखाली 1. शून्यच यायला पाहिजे ना? छपाईची चूक आहे का? उद्या सकाळी सेमिनार आहे, लवकर सांगा.

संत्री_बाग: कुठलं पुस्तक? बारावी की बीएस्सी? बाण चौकोनात आहेत की शंकूवर? फोटो टाका.

धरमपेठ_काका: स्पिन म्हणजे भोवरा. एक सुलटा फिरतो, एक उलटा. वीस वर्षं असंच शिकवलं, पोरांना लगेच समजतं. छपाईची चूकच असेल.

त्रिमिती: काका, भोवऱ्यानेच घोटाळा होतो. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत कोनीय संवेग, खरंखुरं फिरणं नाही. 1925 मध्ये ऊलनबेक आणि गाउडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनी स्पिनची कल्पना मांडली तेव्हाच भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झनी हिशेब दाखवला होता: इलेक्ट्रॉन हा चेंडू आहे आणि तो खरंच फिरतो म्हटलं तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त निघतो.

धरमपेठ_काका: मान्य. पण चित्रच नको म्हटलं तर पोरं पाठ करत बसतात.

नीट_तयारी: चुंबकीय आघूर्णाचं सूत्र लक्षात ठेवा. एक अयुग्म (जोडी नसलेला) इलेक्ट्रॉन असला की 1.73 बोर मॅग्नेटॉन (चुंबकीय आघूर्णाचं एकक).

वर्धा_रोड: ते नाही विचारलं. एमएस्सी पहिलं वर्ष. सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स आहे, पुस्तक माहीत नाही. शंकूच आहेत. फोटो अपलोड होऊनच नाही राहिला.

त्रिमिती: मग चूक नाही. बाण कुठल्या बाजूला झुकलेत ते पाहा. स्पिन s असेल तर बाणाची लांबी √(s(s+1)) असते, आणि एका इलेक्ट्रॉनचा s अर्धा. म्हणून एच-बारच्या (प्लांकचा स्थिरांक भागिले 2π) मापात प्रत्येक बाणाची लांबी 0.866, उभा भाग 0.5, म्हणून आडवा भाग 0.707. स्पिन 1 मध्ये दोन्ही बाण एकाच बाजूला झुकतात. उभे भाग कटतात, आडवे मिळून 1.414 होतात, आणि स्पिन 1 ची लांबी √2 म्हणजे तेवढीच. स्पिन 0 मध्ये ते विरुद्ध बाजूंना झुकतात, सगळंच कटतं. मात्र आडवी दिशा ठरलेली नसते, म्हणूनच शंकू काढतात. हे सेमिनारमध्ये आवर्जून सांगा.

संत्री_बाग: चित्र सोडा, चिन्ह लिहा. दोन अवस्थांची बेरीज, ↑↓ अधिक ↓↑, म्हणजे स्पिन 1; वजाबाकी, ↑↓ वजा ↓↑, म्हणजे स्पिन 0.

त्रिमिती: बरोबर, पण अडलंय ते चित्रावर.

धरमपेठ_काका: ऑक्सिजनच्या रेणूचा स्पिन 1 असतो ना? त्यामुळेच द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, ते मुलांना दाखवायला पाहिजे.

वर्धा_रोड: पाहिलं, दोन्ही उजवीकडेच आहेत! पण तिसऱ्या आकृतीत दोन्ही बाण वर आहेत, तरी समांतर नाहीत. मधे सत्तरेक अंशांचा कोन आहे. तेही बरोबर का?

त्रिमिती: हो, 70.5. समांतर ठेवले तर लांबी 1.73 होईल, आपल्याला 1.414 पाहिजे. तुमच्या दुसऱ्या आकृतीतही तोच कोन निघतो, मोजून पाहा.