दमट हवेतील अंजीर : तांबेरा, आंबणारी फळे आणि छाटणीची वेळ यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

परसबागेत भिंतीलगत जमिनीत लावलेल्या अंजिराच्या झाडाविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. झाड परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या सामान्य अंजिराचे आहे. वाढ जोमदार आहे आणि नव्या फुटव्यांवर पानांच्या बगलेत फळेही भरपूर लागतात. अडचण सुरू होते ती उष्म्याच्या जोडीला हवेतील दमटपणा वाढल्यावर.

पहिला त्रास तांबेऱ्याचा, म्हणजे पानांवर येणाऱ्या बुरशीजन्य रोगाचा. पानाच्या वरच्या बाजूस बारीक पिवळसर ठिपके दिसू लागतात. पान उलटून पाहिले की त्याच जागी तपकिरी पुटकुळ्या असतात आणि त्यांवरून बोट फिरवल्यास विटकरी भुकटी हाताला लागते. त्यानंतर पानगळ इतकी झपाट्याने होते की शेंड्याकडची चार-दोन पाने आणि उघड्या फांद्यांना चिकटलेली हिरवी, घट्ट फळे एवढेच शिल्लक राहते. अंजीर तोडून ठेवल्यावर पिकत नाही, त्यामुळे ही फळे वायाच जातात. गळलेली पाने गोळा करून नष्ट करणे, आतल्या दाट फांद्या काढून हवा खेळती ठेवणे, पाणी पानांवर न उडवता बुंध्याशी देणे हे सर्व करतो. त्याने रोग उशिरा येतो, पण थांबत नाही. एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक, म्हणजे लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना, ठिपके दिसण्याआधीच फवारावे लागते हे माहीत आहे. परंतु घरी खायच्या फळांवर पिकण्याच्या सुमारास निळसर थर बसलेला मला नको आहे.

दुसरा त्रास फळ आंबण्याचा आहे. पाऊस पडून गेला की पिकत आलेली फळे तडकतात, तळाचा डोळा, म्हणजे फळाच्या टोकाचे छिद्र, उघडा पडतो, त्यातून फेसाळ रस गळू लागतो आणि आंबूस वास सुटतो. फळ उघडल्यास आत बारीक भुंगेरे सापडतात. हे भुंगेरे व चिलटे डोळ्यातूनच यीस्ट आत नेतात, म्हणून मिटलेल्या डोळ्याचे वाण अशा हवेत अधिक टिकतात. ‘सेलेस्ट’ हा त्यांपैकी एक. तो लावलेल्यांनी अनुभव अवश्य लिहावा, पण असलेले झाड काढून टाकण्याची माझी तयारी नाही. फळांना जाळीदार कापडी पिशव्या बांधल्याने किडे अडतील, मात्र आत ओल कोंडून बुरशी वाढते का?

आता मुख्य प्रश्न. फवारण्यांचे वेळापत्रक पाळत बसण्यापेक्षा फळांचा हंगामच कोरड्या महिन्यांकडे सरकवावा, असे माझे मत होत चालले आहे. अंजिराचा मुख्य बहार नव्या फुटीवर येतो आणि छाटणीपासून फळ हाती येईपर्यंत साधारण चार ते पाच महिने लागतात. म्हणजे पाऊस ओसरताना छाटणी केली, तर फळे कोरड्या हवेत पिकायला हवीत. बागायतदार बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून झाडाला ताण देतात, पण पावसाने भिजलेल्या जमिनीत हा ताण बसणार कसा? तांबेऱ्याने झाड तसेही निष्पर्ण होते. त्या पानगळीलाच विश्रांती मानून लगेच छाटणी घ्यावी, की अकाली पाने गमावलेल्या झाडात अन्नसाठा कमी असल्याने नवी फूट अशक्त येईल? माझा संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे, म्हणूनच कात्री लावण्याआधी विचारतो आहे. छाटणी हलकी ठेवावी की मागील वर्षाच्या फांद्यांवर दोन-तीन डोळेच (फुटीच्या कळ्या) राखावेत, आणि शेणखत छाटणीबरोबर द्यावे की फूट दिसल्यावर, हेही कळावे. नत्र जास्त झाल्यास कोवळी पाने माजतात आणि फळे मागे पडतात, ही धास्ती आहेच.

जाता जाता एक शंका. याच झाडाच्या कलमापासून वाढवलेले रोप उपटले, तेव्हा मुळांवर गाठी आढळल्या. ती सूत्रकृमींची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची, लक्षणे वाटतात. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवण्यापलीकडे काही करता येते का?

उत्तर देताना आपले झाड कुंडीत आहे की जमिनीत, हे कृपया नमूद करावे. कुंडी छपराखाली सरकवून ताण देता येतो, तो उपाय माझ्या झाडाला लागू होणार नाही.