तापाच्या दुसऱ्या दिवशीच विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) करून घ्यावी का?

कृष्णाकाठ: मुलगा नऊ वर्षांचा. कालपासून १०२ ताप, सर्दी-खोकला नाही. शेजारच्या काकू म्हणतात, आधी लॅबमधून विडाल, मलेरिया, डेंगी सगळं काढून घे आणि रिपोर्ट घेऊनच डॉक्टरकडे जा. काय करू?

तालुक्याचा डॉक्टर: ताई, आधी डॉक्टरला दाखवा. पोराचं पोट, घसा, अंगावरचे चट्टे बघितल्याशिवाय कुठली तपासणी लागेल हे कसं ठरवणार?

विडाल तर आत्ता नकोच. टायफॉइडच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, वाढायला साधारण आठवडा जातो. त्यामुळे आज निगेटिव्ह आली तरी टायफॉइड नाही असं म्हणता येत नाही. पॉझिटिव्ह आली तरी भरवसा नाही, कारण आपल्या भागात धडधाकट माणसाचीही १:८० (म्हणजे रक्त ८० पट पातळ केलं तरी अँटिबॉडी दिसतात) येऊ शकते. पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, कधी कधी नुसता मलेरिया असला तरी येते. ही १८९६ सालची पद्धत आहे. तिचा खरा उपयोग आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून चौपट वाढ दिसली तर. तसं करताना मी फारसं कुणाला पाहिलेलं नाही. एकाच रिपोर्टवर सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू होतं आणि तेवढ्यात डेंगी किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) हातचा निसटतो. याचा मला फार त्रास होतो.

पावसाळ्यात मलेरियाची स्लाइड मात्र लवकर करा, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. डेंगीची शंका असेल तर पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (डेंगीच्या विषाणूची तपासणी) आणि सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). ताप लांबला आणि टायफॉइड वाटला तर ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी), तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी.

तोवर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको. सारख्या उलट्या, पोटात जोराची कळ, गुंगी, लघवी कमी किंवा कुठूनही रक्त दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

लॅबवाला: डॉक्टरांचं बरोबर आहे. कल्चरची बाटली आम्ही जिल्ह्याला पाठवतो, रिपोर्टला काही दिवस लागतात. लोक आधीच गोळ्या खाऊन येतात, मग जंतू वाढतच नाहीत.

कृष्णाकाठ: आजच दाखवते. याच्या बाबांना गेल्या वर्षी विडाल १:१६० होती. आता बरे आहेत, परत करून बघायची का?

तालुक्याचा डॉक्टर: नको. बरं झाल्यावरही अँटिबॉडी महिनोन् महिने रक्तात राहतात. पुन्हा पॉझिटिव्ह येऊ शकते आणि त्यांना उगाच औषधं सुरू होतील.