मदत हवी आहे: लॅपटॉप झोपेतून उठला की नेटचा डोंगल गायब

नमस्कार मंडळी,

देवगडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. काउंटरवरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, नेट यूएसबीच्या ४जी डोंगलवर. पावसाळ्यात लाइटीचा भरवसा नाही, आणि जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून होडीवाले नेमके याच दिवसांत कागदपत्रं करायला येतात. म्हणून गिऱ्हाईक नसलं की झाकण मिटून लॅपटॉप सस्पेंड करतो, तेवढीच बॅटरी वाचते.

झाकण उघडलं की स्क्रीन, कीबोर्ड, प्रिंटर सगळं ठीक, फक्त डोंगल नाही. त्याचा दिवा लुकलुकतोय, पण नेटवर्कच्या यादीत मोबाइल ब्रॉडबँड दिसतच नाही. उपटून परत लावला की चालू. समोरचा माणूस ओटीपी हातात धरून उभा आणि मी डोंगल उपटतोय, हे रोजचंच झालंय.

कणकवलीला दाखवला. दुरुस्तीवाल्याने पोर्टात डोकावून 'खारी हवा, गंज' असा निकाल देऊन टाकला आणि बोर्ड बदला म्हणाला. मला ते पटत नाही. गंज असता तर एरवीही अडला असता. शिवाय दुसऱ्या पोर्टलाही तेच होतं, आणि त्याच पोर्टला माऊस लावला तर तो झोपेनंतरही चालतो.

यूएसबी ऑटोसस्पेंड (रिकामं उपकरण आपोआप झोपवून वीज वाचवणं) बंद करून बघितलाय. डोंगलच्या पॉवर फोल्डरातल्या 'कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑटो' होतं, तिथे 'ऑन' लिहिलं. (ऑन म्हणजे बचत ऑफ! हे ज्याला सुचलं त्याला दंडवत.) फरक शून्य. आणखी काय तपासू?

प्रतिसाद:
खाऱ्या वाऱ्यान पोर्ट गेलो असतलो. कापसान पुसून बघ मरे.

प्रतिसाद:
पुसायला हरकत नाही, पण माऊस चालतोय म्हणजे पोर्ट शाबूत आहे.

ऑटोसस्पेंड आणि सस्पेंड ही दोन वेगळी प्रकरणं. पहिल्यात मशीन जागं असतं आणि रिकामं बसलेलं एखादंच उपकरण कर्नल (लिनक्सचा गाभा) झोपवतो. दुसऱ्यात अख्खं मशीन झोपतं. 'ऑन' लिहून फक्त पहिलं बंद होतं, झाकण मिटल्यावर ते कामाचं नाही. त्यामुळे तुमचा दोष दुसरीकडे आहे.

आता 'सिस'मधल्या पॉवर फोल्डरात 'मेम_स्लीप' फाइल बघा. चौकटी कंसात 'एस२आयडल' (हलकी झोप) आहे की 'डीप' (गाढ झोप)? मग रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन तिथल्याच 'पीएम_टेस्ट' फाइलमध्ये 'डिव्हायसेस' लिहा आणि सस्पेंड द्या. कर्नल सगळ्या ड्रायव्हरांना झोपवतो, ५ सेकंद थांबतो आणि परत उठवतो. बोर्ड खरा झोपत नाही. इथेच डोंगल गेला तर ड्रायव्हरवर संशय. इथे टिकला आणि खऱ्या झोपेत गेला, तर भानगड त्याच्या पुढची. चाचणी झाली की फाइलमध्ये 'नन' लिहा, नाहीतर लॅपटॉप झोपेचं सोंगच घेत राहील.

आणि झोपेआधीची व नंतरची 'एलएसयूएसबी'ची (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) यादी इथे चिकटवा.

धागाकर्ता:
कंसात 'डीप' आहे. चाचणीत डोंगल टिकला! खऱ्या झोपेनंतर मात्र यादीत त्याच कंपनीचा आयडी, पण पुढचे चार आकडे वेगळे. फाइल मॅनेजरमध्ये एक सीडी ड्राइव्हही आलाय, आत विंडोजचं सेटअप. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाहीच मुळी.

प्रतिसाद:
सापडला चोर. असे डोंगल लावल्या लावल्या आधी सीडी म्हणून हजर होतात, म्हणजे विंडोजवाल्याला ड्रायव्हर त्यातूनच मिळावा. लिनक्सवर 'यूएसबी_मोडस्विच' त्यांना टपली मारून मॉडेम करतो, तेव्हा आयडी बदलतो. 'डीप' झोपेत तुमचा बोर्ड पोर्टची वीज तोडत असणार, म्हणून डोंगल सगळं विसरून परत सीडी होतो. उठल्यावर टपली पुन्हा बसायला हवी, ती बसत नाहीये. उपटून लावल्यावर बसते.

'यूएसआर-लिब-सिस्टमडी'खाली 'सिस्टम-स्लीप' फोल्डर आहे. त्यात एक छोटी स्क्रिप्ट ठेवा आणि तिला एक्झिक्यूट परवानगी द्या. झोपताना तिला 'प्री' मिळतं, उठताना 'पोस्ट'. पोस्टला दोनतीन सेकंद थांबून सीडीवाल्या आयडीवर मोडस्विच चालवा. डोंगलला जागं व्हायला तेवढा वेळ लागतो.

नको असेल तर 'एस२आयडल' लावून बघा. त्यात पोर्टची वीज सहसा राहते, पण बॅटरी जास्त खाते, आणि तुम्ही झाकण मिटता तेच बॅटरीसाठी.

धागाकर्ता:
स्क्रिप्ट टाकली. दुपारभर झाकण उघडमीट केलं, दरवेळी डोंगल मॉडेम होऊनच उठतोय. लॉगमध्ये आधी सीडी आणि मागोमाग मॉडेम, अशा दोन्ही ओळी दिसतात.

फक्त नेट आपोआप जोडलं जात नाही, यादीत जाऊन क्लिक करावं लागतं. मोडस्विचनंतर त्याच स्क्रिप्टमधून मॉडेममॅनेजर (मॉडेम सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट करणं बरं, की कनेक्शनच्या सेटिंगमध्ये काही राहिलंय?