मदत हवी आहे: पोटावरच्या फुगलेल्या शिरा, पुढची तपासणी कोणती?

रुग्ण पुरुष, वय ४६. पोटाच्या दोन्ही कुशींवर आणि पाठीवर जाड, वळणदार शिरा. दोन्ही पायांना सूज. नाभीखालची शीर दोन बोटांनी रिकामी करून एकेक बोट उचलून पाहिले, तर रक्त खालून वर भरते. यकृताच्या पोर्टल दाबामुळे (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनमधला वाढलेला दाब) असते तर नाभीखाली ते उलट, खाली गेले असते. म्हणून संशय इन्फिरिअर व्हेना कॅव्हाच्या (पाय व पोटाकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) अडथळ्याचा.

झालेल्या तपासण्या: डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पोर्टल व्हेन मोकळी, प्रवाह यकृताकडेच, पण वायूमुळे कॅव्हाचा यकृतामागचा भाग दिसला नाही. एंडोस्कोपीत व्हॅरिसेस (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा) नाहीत, पोटात पाणी नाही. दारू नाही, हिपॅटायटिस बी व सी निगेटिव्ह. रक्त पातळ करणारे औषध अजून सुरू नाही.

अडचण क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी): १.९, म्हणून काँट्रास्टचा (शिरा स्पष्ट दिसाव्यात म्हणून टोचायचे, मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकणारे द्रव्य) सीटी टाळायचा आहे. पेसमेकर नाही, एमआरआय चालेल.

शिरा दिसतात म्हणून त्या बंद करून घेण्याचा सल्ला कृपया नको. अडथळा असताना रक्ताची तीच पर्यायी वाट असते.

काँट्रास्टविना एमआर व्हेनोग्राफीत (एमआरआयने शिरांचे चित्रण) कॅव्हा अडवणारा पातळ पडदा आणि लांबवर पसरलेली गुठळी यांतला फरक खात्रीने कळतो का, की थेट काँट्रास्टऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून व्हेनोग्राफी करावी आणि पडदा निघाल्यास त्याच वेळी बलून (फुग्याने अडथळा उघडणे) करून घ्यावा?